पिंपात मुरलेली चव : कोन्याकचा इतिहास

आजचा धागा बराच लांब आहे. विषय एका मद्याचा असला तरी मी अधिक बोलणार आहे ते त्याच्या पिंपाविषयी आणि त्या पिंपाच्या मालकाविषयी.

फ्रान्सच्या पश्चिमेस शॅरांत नावाची नदी अटलांटिकला मिळते. तिच्या काठी कोन्याक नावाचे लहानसे शहर आहे. या परिसरातील वाइनचे ऊर्ध्वपातन करून काढलेली आणि ओकच्या पिंपात मुरवलेली ब्रँडी त्या शहराच्याच नावाने जगभर ओळखली जाते. जाणकार मंडळी तिचे वर्णन करू लागली की कानावर पडणारे शब्द असे : व्हॅनिला, जर्दाळू, सुके अंजीर, भाजलेले बदाम, दालचिनी, मध, जुने चामडे, सिगारची पेटी. रंग मधाच्या पिवळेपणापासून महोगनीच्या तांबूसपणापर्यंत.

आता भट्टीपाशी जाऊन पाहा. नुकतीच उतरलेली ब्रँडी पाण्यासारखी स्वच्छ आणि रंगहीन असते. तिच्यात व्हॅनिला नसते, दालचिनी नसते, चामडे तर नसतेच नसते. फुलांचा आणि फळांचा गंध असतो, आणि त्याच्या जोडीला जिभेला चटका देणारे सुमारे ७० टक्के अल्कोहोल. वर सांगितलेल्या यादीतील बहुतेक गोष्टी तिला पुढे लाकडाने आणि काळाने दिलेल्या आहेत.

आपल्याकडे लोणचे मुरते तेव्हा चिनी मातीची बरणी स्वतःचे काहीच देत नाही. ती तटस्थ असते आणि म्हणूनच आपण ती निवडतो. ओकचे पिंप असे तटस्थ राहत नाही. ते स्वतः विरघळते, श्वास घेते, आतले थोडे बाहेर सोडते आणि बाहेरची हवा आत घेते. मग असे भांडे मुद्दाम कोणी निवडले? खरे सांगायचे तर चवीसाठी कोणीच नाही. ते आधी केवळ मालवाहतुकीचे साधन होते. त्यातून मिळणारी चव हा योगायोग होता, आणि त्या योगायोगाला किंमत आली ती युद्धे, जकाती आणि परदेशी गिऱ्हाइकांमुळे. या साऱ्याच्या तळाशी एक प्रश्न आहे : माल तयार झाल्यावर तो वीस-तीस वर्षे न विकता ठेवण्याची ऐपत कोणाची होती?

सुरुवात मिठापासून करावी लागते. शॅरांतच्या मुखाजवळच्या किनाऱ्यावर मध्ययुगात मिठागरे होती आणि कोन्याक हे नदीवरचे मिठाचे व्यापारी ठाणे होते. उत्तर युरोपातील जहाजे मीठ न्यायला येत, येताजाता इथली वाइनही नेत. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा १४९४ मध्ये याच गावात जन्मला. पण त्याच्या जन्माच्या वेळी आजच्या अर्थाची 'कोन्याक' अस्तित्वातच नव्हती. जाहिरातींतील राजेशाही चित्रे पाहताना एवढे ध्यानात ठेवावे.

इथली वाइन आंबट आणि कमी अल्कोहोलची. लांबच्या समुद्रप्रवासात ती टिकत नसे. सोळाव्या-सतराव्या शतकांत डच व्यापाऱ्यांनी यावर उपाय काढला तो भट्टीचा. डच भाषेत या पदार्थाचे नाव 'ब्रांडेवाइन', म्हणजे 'जाळलेली वाइन'. त्यावरूनच इंग्रजी 'ब्रँडी' आली आणि पुढे आपल्या मराठीतही. व्यापारी दृष्टीने पाहिले तर हिशेब सरळ होता : सुमारे नऊ लिटर वाइनमधून एक लिटर अर्क निघतो. जहाजातील जागा वाचते आणि माल सडत नाही. पुढे त्यात पाणी घालावे, म्हणजे पिण्याजोगे काहीतरी तयार होते. चव हा या हिशेबातला मुद्दाच नव्हता.

तरीही भट्टीचा एक तपशील चवीसाठी महत्त्वाचा आहे, म्हणून तिथे थोडे थांबू. कोन्याकचे ऊर्ध्वपातन तांब्याच्या भट्टीत दोनदा होते. पहिल्या खेपेला सुमारे ३० टक्क्यांचा गढूळसर अर्क मिळतो. तोच पुन्हा भट्टीत चढवतात. दुसऱ्या खेपेला कारागिराची खरी परीक्षा असते. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' हे कौतुकाचे विशेषण आहे. शॅरांतमध्ये मात्र पहिली धार बाजूला काढतात, कारण तिच्यात झोंबणारी, लवकर उडून जाणारी द्रव्ये असतात. शेवटची धारही वेगळी ठेवतात. ती पाणचट आणि उग्र असते. मधला भाग तेवढा पिंपात जातो. तांबे गंधकाचे दुर्गंधी अंश धरून ठेवते. आणि ज्या आंबटपणामुळे इथली वाइन पिण्याच्या दृष्टीने सामान्य ठरली होती, तोच इथे उपयोगी पडतो : आम्लामुळे वाइन भट्टीपर्यंत गंधकाची धुरी न देता टिकते. गंधक घातले असते तर भट्टीने त्याचाही अर्क काढून दिला असता. आजच्या नियमाप्रमाणे हंगामाची भट्टी ३१ मार्चपर्यंत विझवावी लागते आणि १ एप्रिलपासून ब्रँडीचे वय मोजले जाते.

आता पिंप. ओकच का? या नदीचा उगम लिमुझँ प्रांतात होतो आणि तो प्रांत ओकच्या रानांसाठी प्रसिद्ध आहे. लाकूड जवळ होते, मजबूत होते, वाकवता येत होते आणि गळत नव्हते. आधीची निवड एवढ्यावरच झाली.

पण त्याच लाकडावर आणखी एका बड्या गिऱ्हाइकाचा डोळा होता. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याला आरमार उभारायचे होते. १६६६ मध्ये शॅरांतच्याच काठी, मुखाजवळ, रोशफोर येथे आरमारी गोदी वसवली गेली. १६६९ मध्ये कोल्बेरने साऱ्या राज्याच्या वनांसाठी मोठा कायदा आणला. झाडे केव्हा तोडावीत, किती राखावीत, उंच सरळ ओक कसे वाढू द्यावेत, याची शिस्त त्याने घालून दिली. मध्य फ्रान्समधील त्रॉन्से हे वन या धोरणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्या काळी रुजलेल्या ओकांचा एक राखीव तुकडा तिथे आजही कोल्बेरच्या नावाने आहे. गंमत पाहा, या झाडांचा जहाजांसाठी उपयोग व्हावा एवढे त्यांचे वय होईपर्यंत दोन शतके लोटली आणि तोवर युद्धनौका लोखंडाच्या झाल्या. आरमारासाठी राखलेल्या ओकांना नवे गिऱ्हाईक मिळाले ते पिंपे बांधणाऱ्यांचे.

लिमुझँ आणि त्रॉन्से या दोन वनांचे लाकूड चवीतही वेगळे पडते. लिमुझँचा ओक रुंद रेषांचा आणि सच्छिद्र. त्यातून टॅनिन, म्हणजे चहात जाणवतो तो तुरटपणा, भरपूर उतरतो. त्रॉन्सेचा ओक सावकाश वाढलेला, बारीक रेषांचा. तो तुरटपणा कमी देतो आणि सुगंध अधिक. फळ्या करवतीने कापत नाहीत, रेषेनुसार फाडतात. करवत लाकडाच्या नैसर्गिक नळ्या आडव्या कापते आणि पिंप पाझरते. मग या फळ्या सुमारे तीन वर्षे उघड्यावर ऊन-पावसात रचून ठेवतात. पावसाने लाकडातील कडवटपणा धुऊन जातो. त्यानंतर फळ्या लोखंडी कड्यांत उभ्या करून आत विस्तव पेटवतात. उष्णतेने त्या वाकतात आणि आतून भाजल्याही जातात. सांध्यांत ना खिळा ना सरस.

व्हॅनिला येते ती इथून. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन नावाचे द्रव्य असते. भाजल्यावर आणि पुढे अल्कोहोलच्या सहवासात ते हळूहळू तुटते आणि त्यातून व्हॅनिलिन तयार होते. व्हॅनिलाच्या शेंगेत असते तेच. लाकडातील शर्करांपासून जळक्या साखरेचा आणि भाजल्याचा गंध येतो. ओकमधील लॅक्टोन नावाची द्रव्ये खोबऱ्यासारखा वास देतात. म्हणजे ज्या पेल्यात कोणी खोबरे, व्हॅनिला किंवा दालचिनी घातलेली नाही, त्यात ती जाणवतात, आणि हा केवळ कविकल्पनेचा खेळ नसतो.

नव्या पिंपात ब्रँडी फार काळ ठेवत नाहीत, नाहीतर ती लाकूड चघळल्यासारखी लागते. काही महिन्यांनी तिला जुन्या, बराचसा तुरटपणा देऊन बसलेल्या पिंपात हलवतात. मग सुरू होते संथ काम. फळ्यांतून हवा आत येते, तुरटपणा मवाळ होतो, आम्ल आणि अल्कोहोल एकमेकांशी संयोग पावून फळांसारखे गंध निर्माण करतात. तळघरही यात भाग घेते : नदीकाठच्या ओलसर तळघरात पाण्यापेक्षा अल्कोहोल अधिक उडते आणि ब्रँडी गोलाईदार, मऊ होते; कोरड्या तळघरात पाणी अधिक उडते आणि तिची धार कायम राहते.

वीस-पंचवीस वर्षांनंतर एक नवीनच गुण दिसू लागतो. त्याला 'रांसियो' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ चक्क 'खवट'! जुने अक्रोड, अळंबी, दमट रानातील पाचोळा, जुने चीज, अशा उपमा त्यासाठी देतात. ब्रँडीतील स्निग्ध आम्लांवर प्राणवायूची दीर्घकाळ क्रिया होऊन तो येतो. घरातले खोबरे खवट झाले तर आपण फेकून देतो. इथे त्याच जातीच्या रासायनिक बदलाची लोक पराकाष्ठेची किंमत मोजतात. हा गुण घाईने आणता येत नाही. लाकडाचा अर्क ओतून रंग व तुरटपणा आणता येतो, साखर घालून गोडवा आणता येतो आणि या दोन्ही गोष्टींना मर्यादित प्रमाणात कायद्याची परवानगीही आहे. रांसियोसाठी मात्र वर्षेच मोजावी लागतात.

आणि या वर्षांची किंमत अगदी हिशेबात मांडता येते. पिंपातून दरवर्षी साधारण २ टक्के ब्रँडी हवेत विरून जाते. फ्रेंच लोक याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. ढोबळ गणित करा : १०० लिटर ठेवले तर दहा वर्षांनी सुमारे ८२ उरतील आणि पन्नास वर्षांनी सुमारे ३६. जवळजवळ दोन-तृतीयांश माल देवदूतांनी नेला! त्यांचा माग मात्र उरतो. कोन्याकमधील गोदामांच्या भिंती आणि छपरांची कौले काजळी धरल्यासारखी काळी दिसतात. ही काजळी नव्हे, अल्कोहोलच्या वाफेवर पोसणारी एक बुरशी आहे. १८७२ मध्ये बोद्वँ नावाच्या स्थानिक औषधविक्रेत्याने तिचा अभ्यास केला आणि २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी तिच्या प्रजातीला त्याचे नाव दिले : 'बोडोइनिया कॉम्प्नियासेन्सिस'. दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'कोन्याकची'. एखाद्या गावाच्या संपत्तीची खूण भिंतीवरच्या बुरशीत दिसावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

तेव्हा विचार करा, हे नुकसान सोसून, भांडवल अडकवून, पन्नास वर्षे कोण थांबणार? द्राक्षे लावणारा आणि भट्टी लावणारा शेतकरी? त्याला वसंतात मजुरी द्यायची असते, कर भरायचा असतो. काही सधन शेतकरी दोन-चार पिंपे राखून ठेवत, मुलीच्या लग्नासाठी सोने ठेवावे तशी. पण बहुतेकांची ब्रँडी कोवळी असतानाच व्यापाऱ्याकडे जाई. मुरवणे हे व्यापाऱ्याचे काम झाले आणि मुरल्यावर वाढलेली किंमतही त्याचीच.

हे व्यापारी कोण होते ते पाहिले की चित्र आणखी स्पष्ट होते. १७१५ मध्ये व्यवसाय थाटणारा जाँ मार्तेल हा इंग्लिश खाडीतील जर्सी बेटाचा. १७६५ चा रिचर्ड हेनेसी हा आयर्लंडचा, फ्रेंच राजाच्या सैन्यात नोकरी केलेला. थॉमस हाइन हा इंग्लंडमधील डॉर्सेटचा. १७२४ चा रेमी मार्तँ हा मात्र इथलाच. फ्रान्सच्या या अभिमानवस्तूची पेढी बऱ्याच अंशी ब्रिटिश बेटांतून आलेल्या माणसांनी चालवली, कारण गिऱ्हाईक तिथेच होते.

इथे जकातीचा मुद्दा येतो आणि माझ्या मते चवीच्या इतिहासात तो लाकडाइतकाच मोठा आहे. अठराव्या शतकात ब्रिटन आणि फ्रान्स वारंवार युद्धात असत. ब्रिटनने फ्रेंच मालावर जबर जकात बसवली होती आणि ब्रँडीवरची जकात मालाच्या किमतीवर नव्हे, गॅलनवर होती. भिकार ब्रँडी असो वा उत्तम, कर तेवढाच. परिणाम काय झाला? कोकणातून पेटी लांब पाठवायची तर भाडे पेटीमागे सारखेच पडते, म्हणून माणूस त्यात निवडक हापूस भरतो. डागी फळ कोण पाठवील? तसेच इथे झाले. एवढा कर भरायचाच तर तो उत्तम, जुन्या मालावर भरावा. हलकी ब्रँडी कायदेशीर मार्गाने पाठवणे परवडेना. ती चोरट्या मार्गाने जाऊ लागली. दक्षिण इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरणारी चोरटी ब्रँडी बहुधा रंगहीन आणि कडक असे. किनाऱ्यावर तिच्यात पाणी आणि जळकी साखर घालून ती 'जुनी' केली जाई. म्हणजे तांबूस रंग हा जुनेपणाचा दाखला आहे हे गिऱ्हाइकाच्या मनात तोपर्यंत इतके ठसले होते की त्याची नक्कल होत होती.

हा मुद्दा आजच्या बाटलीवरही वाचता येतो. 'व्हीएसओपी' ही अक्षरे फ्रेंच नाहीत, इंग्रजी आहेत. हेनेसी घराण्याच्या परंपरेप्रमाणे १८१७ मध्ये ब्रिटनच्या राजप्रतिनिधी युवराजाने, पुढच्या चौथ्या जॉर्जने, 'अत्यंत उत्कृष्ट, जुनी, फिकी' अशी ब्रँडी मागवली, त्या मागणीची ही आद्याक्षरे. शेवटचे विशेषण पुन्हा वाचा : फिकी! जितकी गडद तितकी जुनी, असा आजही सर्वत्र समज आहे. एकोणिसाव्या शतकातील चोखंदळ इंग्रज गिऱ्हाईक नेमके उलटे मागत होते. त्याला जळक्या साखरेने न रंगवलेली, पिंपातून जेवढा रंग आला तेवढीच असलेली ब्रँडी हवी होती. (आज त्याच अक्षरांच्या बाटलीत रंगासाठी कॅरमल घालणे कायदेशीर आहे. इतिहासाला विनोदबुद्धी असते.)

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माल मुख्यतः पिंपातूनच जाई. त्यामुळे चवीचा शेवटचा टप्पा अनेकदा लंडन किंवा ब्रिस्टलच्या थंड, दमट तळघरांत पार पडे. तिथे मुरलेल्या ब्रँडीची चव शॅरांतमध्ये मुरलेल्या ब्रँडीहून अधिक हलकी आणि फिकी असे. बाटली आणि छापील चिठ्ठी रुळली ती नंतर. १८५७ चा फ्रेंच व्यापारचिन्ह कायदा आणि १८६० चा ब्रिटन-फ्रान्स व्यापारी करार, ज्याने जकात उतरली, या दोहोंनी घराण्यांची नावे घराघरांत नेली. याच सुमारास आंरी कोकां या भूगर्भशास्त्रज्ञाने इथल्या जमिनीचा नकाशा तयार केला. तो माती पाहून अंदाज करी आणि सोबतचा चव पारखणारा ब्रँडी चाखून. दोघांची उत्तरे जुळत, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. खडूसारख्या पांढऱ्या चुनखडीचा 'ग्रांद शांपान्य' हा भाग सर्वश्रेष्ठ ठरला. (बुडबुड्यांच्या शँपेनशी याचा संबंध फक्त शब्दापुरता.)

आता नीट पाहा, या श्रेष्ठत्वाचा अर्थ काय? ग्रांद शांपान्यची ब्रँडी तरुणपणी काहीशी बंद, अबोल असते. तिला उमलायला कित्येक दशके लागतात. बाहेरच्या 'ब्वा', म्हणजे रानांच्या, पट्ट्यातील ब्रँडी लवकर तयार होते, फळांच्या गंधाने भरलेली असते आणि पाच-दहा वर्षांत छान लागते. मग पहिली श्रेष्ठ आणि दुसरी दुय्यम हे जिभेने ठरवले की तिजोरीने? मातीचा गुण खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण ज्यांच्याकडे थांबण्याची सोय होती त्यांच्या दृष्टीने सर्वांत उशिरा पिकणारी जमीन सर्वांत मोलाची ठरली, हे दुर्लक्षिता येत नाही.

मग आली फिलॉक्सेरा. अमेरिकेतून आलेला हा सूक्ष्म कीटक द्राक्षवेलीची मुळे खातो. १८७० च्या दशकात तो शॅरांतमध्ये पोहोचला तेव्हा इथे सुमारे २,८०,००० हेक्टरांवर वेली होत्या. १८९० च्या दशकात सुमारे ४०,००० हेक्टर उरल्या. हा आकडा एका अख्ख्या प्रदेशाच्या उद्ध्वस्त होण्याचा आहे. उपाय ठाऊक होता : कीड सोसणाऱ्या अमेरिकन वेलीच्या मुळावर फ्रेंच वेलीचे कलम. पण इथल्या चुनखडीत अमेरिकन मुळे पिवळी पडून मरू लागली आणि सर्वांत मोठा फटका बसला तो सर्वांत नामांकित जमिनीलाच. १८८७ मध्ये पिएर व्हियाला या शास्त्रज्ञाला अमेरिकेत धाडण्यात आले. टेक्सासमधील डेनिसन गावी त्याला टी. व्ही. मन्सन हा द्राक्षतज्ज्ञ भेटला. टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या रानटी वेलींकडे त्याने लक्ष वेधले. त्यांतील बर्लांडिएरी जातीच्या संकरांतून शॅरांतला मुळे मिळाली. डेनिसन आणि कोन्याक आज भगिनी-शहरे आहेत.

वेली परतल्या, पण द्राक्ष बदलले. कोन्याकला कीर्ती मिळवून देणारे 'फोल ब्लांश' हे सुगंधी, नाजूक द्राक्ष कलमावर नीट चालेना. दाट घोसांत बुरशी धरू लागली. त्याची जागा मूळच्या इटलीतील 'युनी ब्लां' या आंबट, भरघोस आणि काहीशा निर्गंध द्राक्षाने घेतली. आज जवळजवळ सारे कोन्याक त्याचेच असते. त्यामुळे 'शतकानुशतकांची तीच चव' असे कोणी सांगू लागले की मला कोठल्या शतकाची, असे विचारावेसे वाटते. द्राक्ष स्वतः जितके मूक, तितका लाकडाचा आवाज मोठा होतो. आजच्या चवीत पिंपाचा वाटा वाढण्याचे हे एक कारण असावे, असे माझे मत आहे.

आणि त्या वीस-पंचवीस वर्षांत कोण तगले? ज्यांच्या गोदामात जुनी पिंपे होती ते. वेली मेल्या तशी त्यांच्या साठ्याची किंमत वाढली. ज्याच्याकडे फक्त वेली होत्या त्याच्याकडे काहीच उरले नाही. कित्येकांनी जमीन गुरांना चारली आणि दूध-लोण्याचा धंदा धरला.

तुटवड्याने बनावट माल वाढला. बीट, बटाटा, धान्य यांचे कारखानी अल्कोहोल रंगवून, सुगंध घालून 'कोन्याक' म्हणून विकले जाऊ लागले. विश्वास उडालेले इंग्रज गिऱ्हाईक स्कॉच व्हिस्कीकडे वळले. व्हिस्कीच्या उदयामागे एक कीड आहे हे व्हिस्कीप्रेमी सहसा सांगत नाहीत. याला उत्तर म्हणून १ मे १९०९ रोजी 'कोन्याक' नावाची भौगोलिक सीमा कायद्याने आखली गेली आणि १९३६ मध्ये नियम अधिक काटेकोर झाले.

इथे आपल्या घराकडे वळून पाहायला हरकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत सर्दीवर चमचाभर ब्रँडीचा उपाय चालत आला. औषधांच्या फडताळात काफ सिरपशेजारी तिची लहान बाटली असे आणि तिला 'दारू' म्हणायचे नाही असा अलिखित संकेत असे. याचे एक मूळ वसाहतीच्या वैद्यकात आहे. एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश औषधकोशात ब्रँडी 'स्पिरिटस व्हिनी गॅलिची', म्हणजे 'फ्रान्सच्या वाइनचा अर्क', या लॅटिन नावाने अधिकृत औषध म्हणून नोंदलेली होती. पुढे आपल्या बाजारात ब्रँडी म्हणून जे मिळू लागले ते मात्र मोठ्या प्रमाणात उसाच्या मळीच्या अल्कोहोलवर आधारलेले होते. नाव फ्रेंच वाइनचे, कूळ साखर कारखान्याचे. तिच्यात ओक, वीस वर्षे आणि रांसियो शोधण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी कोन्याक व्यापले, तेव्हा प्रश्न पुन्हा पिंपांचाच होता. १९४१ मध्ये स्थानिक व्यापारी आणि शेतकरी यांनी वाटपासाठी कार्यालय उभारले, जर्मनांना किती द्यायचे याचा हिशेब बांधला आणि जुना साठा बऱ्याच अंशी वाचवला. ब्रँडीच्या खरेदीवर नेमलेला जर्मन अधिकारी क्लेबिश याचे बालपण कोन्याकमध्येच गेले होते आणि हे त्यांच्या पथ्यावर पडले. युद्धानंतर त्याच कार्यालयातून कोन्याक व्यवसायाची आजची मध्यवर्ती संस्था निर्माण झाली. तिच्यात शेतकरी आणि व्यापारी दोघेही बसतात.

पिंपातील काळही अमर्याद चालत नाही. पन्नास-साठ वर्षांनी लाकूड आणखी काही देत नाही. उलट ब्रँडी कोरडी, कडवट होण्याचा धोका असतो. तेव्हा ती वेताच्या आवरणाच्या मोठ्या काचेच्या सुरयांत काढतात आणि गोदामाच्या एका कोपऱ्यात ठेवतात. त्या कोपऱ्याला 'पारादी', म्हणजे स्वर्ग, म्हणतात. काचेत ब्रँडी मुरत नाही. तिचे वय तिथे गोठते. म्हणून आजोबांच्या कपाटात चाळीस वर्षे पडून राहिलेली बाटली चाळीस वर्षांनी अधिक 'जुनी' झालेली नसते. चिठ्ठीवरचे वय मिश्रणातील सर्वांत तरुण ब्रँडीचे असते : 'व्हीएस'साठी किमान २ वर्षे, 'व्हीएसओपी'साठी ४, आणि 'एक्सओ'साठी २०१८ पासून ६ ऐवजी १०. ही वाढ जाहीर झाली तेव्हाही चर्चा हीच होती, की आणखी चार वर्षे माल अडकवून ठेवणे कोणाला परवडेल.

जकातीची गोष्टही संपलेली नाही. २०२४ च्या शरद ऋतूत युरोपीय संघाशी चाललेल्या व्यापारी वादात चीनने युरोपीय ब्रँडीवर तात्पुरती जादा जकात लावली. ती २०० लिटरपेक्षा लहान भांड्यांतल्या मालावर होती, म्हणजे मुख्यतः बाटल्यांवर. कोन्याकमधील एका बड्या कंपनीने मग ब्रँडी मोठ्या टाक्यांतून चीनला पाठवून तिथेच बाटल्यांत भरण्याचा विचार पुढे आणला. अठराव्या शतकातील एखाद्या व्यापाऱ्याला तो अगदी ओळखीचा वाटला असता. बाटल्या भरणाऱ्या कामगारांनी नोव्हेंबरमध्ये काम बंद केले, रस्त्यावर निदर्शने झाली आणि कंपनीने ती योजना तूर्त बाजूला ठेवली. भट्ट्या त्या हिवाळ्यातही पेटल्या होत्या. त्या वर्षीची ब्रँडी सध्या पिंपात आहे.